खड्डा सातबाऱ्यावर दिसत नाही

 

आजचा विषय जरा रुक्ष आहे, हे आधीच सांगून टाकतो. सरकारची जमीन आणि सरकारचं खनिज यांचा हिशेब ठेवणाऱ्या संगणक प्रणाली, आणि त्यांचं चाललेलं आधुनिकीकरण. पण जमीन म्हटलं की मराठी माणूस कान टवकारतो. त्यामुळे आपण तासभर टिकाल अशी आमची खात्री आहे. महसुली उताऱ्यांचा कागदोकागदी पाठपुरावा करणारे आम्ही काही जण आहोत. त्या वाचनातून जे दिसलं ते आज तुमच्यासमोर ठेवायचं आहे. ही टीका आहे, पण चांगल्याला चांगलं म्हणूनच तिची सुरुवात करायला हवी.

तर आधी चांगलं काय झालं ते बघू. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंदवही. एके काळी हा उतारा तलाठ्याच्या दप्तरात असायचा. तलाठी भेटेल त्या दिवशी, त्याच्या सवडीने आणि त्याच्या अक्षरात मिळायचा. केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना आणली. २००८ मध्ये तिला आधुनिकीकरणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं रूप मिळालं. महाराष्ट्रात ई-फेरफार आला आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरा, उतारा घ्या. १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून पीक नोंदवू लागला. ही कामं छोटी नाहीत. अडीच कोटींच्या आसपास उतारे हाताच्या अक्षरातून यंत्रात आणायचे, ही थट्टा नव्हे.

आता हे काम झालं कसं, ते नीट समजून घ्या, कारण आमची सगळी टीका तिथूनच निघते. हस्तलिखित उतारे टंकलिखित केले तेव्हा चुका झाल्या, होणारच होत्या. कुणाचं नाव गळलं, कुणाचे आर कमी झाले, कुणाच्या आजोबांचा बोजा फिटूनही तसाच राहिला. त्या निस्तरायला आधी एडिट, मग री-एडिट अशा फेऱ्या झाल्या. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. संगणकातला उतारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याची हरकत असेल त्याने तिथेच बोलायचं. त्यानंतर उरलेल्या लेखन-प्रमादासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १५५ आहेच, तहसीलदाराकडे अर्ज करता येतो.

म्हणजे या सगळ्या व्यवस्थेत चूक पकडणारा माणूस कोण? खातेदार. ज्याच्या नावावर जमीन आहे तो, त्याचा भाऊ, त्याचा शेजारी, कधी त्याला कर्ज देणारी सोसायटी. फेरफार पडला की कलम १५० प्रमाणे नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. बांधावरून भांडणारी आपली माणसं असली बाब सोडत नाहीत. चेष्टेने म्हणतो आम्ही, पण महाराष्ट्रातला सातबारा बऱ्यापैकी शुद्ध झाला याचं अर्धं श्रेय भाऊबंदकीला आहे.

आता प्रश्न असा आहे की, ज्या जमिनीला भाऊबंदच नाहीत तिचं काय?

कलम २० सांगतं की दुसऱ्या कुणाच्या मालकीची नसलेली जमीन राज्याची. रस्ते, नाले, नदीपात्र, पडीक माळ, गायरान, डोंगर. कलम ४८ सांगतं की खनिजांवरचा हक्क राज्याचा. राज्याचा म्हणजे शेवटी आपला सर्वांचा. या जमिनींसाठी नमुने आहेत. गाव नमुना एक-अ वनजमिनींचा, एक-ब बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींचा, एक-इ अतिक्रमणांचा. जुन्या काळच्या माणसांनी हे फार विचारपूर्वक बांधलेलं आहे. गावात एकूण जमीन किती, त्यातली सरकारकडे किती उरली आणि दिली ती कुणाला, हे एका दप्तरात सापडावं अशी ती रचना आहे. आपला गुंठासुद्धा बघा, तो ३३ फुटांच्या मोजणीच्या साखळीतून आला. साखळीचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. ज्यांनी साखळी ओढून गावं मोजली त्यांना वसुलीसाठी का होईना, पण बेरीज जुळायला हवी होती.

संगणकीकरणात मात्र आपण उतारा पडद्यावर आणला आणि बेरीज दप्तरात ठेवली. महाभूलेखच्या संकेतस्थळावर जा. विभाग निवडा, जिल्हा, तालुका, गाव निवडा, गट नंबर टाका. एक उतारा मिळतो. पण याच पडद्याला विचारून बघा की या गावात सरकारी जमीन एकूण किती आहे, गेल्या दहा वर्षांत त्यातली किती, कोणत्या आदेशाने, कुणाला गेली. या प्रश्नासाठी तिथे रकानाच नाही. गट नंबर माहीत असणाऱ्यालाच उत्तर मिळतं, आणि गट नंबर त्यालाच माहीत असतो ज्याची जमीन असते. सार्वजनिक जमिनीच्या मालकाने, म्हणजे तुम्ही-आम्ही, कुठला नंबर टाकायचा?

याचा परिणाम काय होतो? २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं दूर करायला सांगितलं. त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्राने तसा शासन निर्णय काढला. पुढे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. तेव्हा राज्यभरातल्या अतिक्रमणांचा आकडा दोन लाखांच्या वर निघाला. दोन लाख म्हणजे एका रात्रीत झालेली गोष्ट नाही. गाव नमुना एक-इ चालू, उघड आणि अद्ययावत असता, तर हा आकडा दरवर्षी वाढताना दिसला असता आणि गावाने, तालुक्याने वेळेवर विचारलं असतं.

इथे एक सावधगिरीची गोष्ट बोलायला हवी. गायरानावरचा प्रत्येक माणूस लुटारू नसतो. या नाशिक जिल्ह्यातले, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड. काळाराम मंदिर सत्याग्रहात ते आघाडीवर होते. त्यांनीच १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्या हातांना द्या, ही त्यांची मागणी होती. त्याच रेट्यातून पुढे १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचा १९९१ चा निर्णय झाला. मार्च २०१८ मध्ये याच शहरातून निघून शेतकरी आणि आदिवासी मुंबईपर्यंत चालत गेले. वनहक्काचे दावे निकाली काढा, कसतो ती जमीन नावावर करा, हे त्यांच्या मागण्यांत होतं. पायाला फोड आले तरी ती माणसं एका नोंदीसाठी चालत होती.

म्हणून आम्ही म्हणतो की सरकारी जमिनीची नोंद धूसर राहिली, तर त्याचा तोटा दोन्हीकडून गरिबाला होतो. तीस-चाळीस वर्षं कसणाऱ्याला पुरावा सापडत नाही, आणि परवा जेसीबी घेऊन आलेल्याच्या विरुद्धही पुरावा सापडत नाही. धूसर नोंदीत ज्याचा वकील चांगला तोच जिंकतो.

आता खनिजाकडे येऊ. इथे 'खनिज' म्हणजे सोनं-चांदी नव्हे. दगड, मुरूम, वाळू, माती. १९५७ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम १५ प्रमाणे गौण खनिजांचे नियम राज्याने करायचे, आणि आपले नियम २०१३ चे आहेत. पूर्वी वाहतुकीच्या पासची छापील पावती-पुस्तकं असायची, आणि एका पावतीवर चार फेऱ्या कशा मारायच्या हे ड्रायव्हरला पाठ असायचं. त्यावर उपाय म्हणून आधी वाळूसाठी आणि मग सर्वच गौण खनिजांसाठी ऑनलाइन पास आले. आज 'महाखनिज' प्रणालीतून ई-टीपी निघतो. गाडीचा नंबर, ब्रास, वेळ सगळं त्यावर असतं. रस्त्यावरचा अधिकारी मोबाईलने तो तपासू शकतो. गाड्यांना जीपीएस सक्तीचं केलं. बेकायदा उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड कायद्यात आहे. हीसुद्धा प्रगतीच आहे.

पण ही प्रणाली मोजते काय? ट्रक मोजते. खड्डा मोजत नाही.

एक साधं गणित करू. समजा अर्धा हेक्टर खाणपट्टा आहे, म्हणजे जवळपास पन्नास गुंठे. तो सहा मीटर खोल खणला. तीस हजार घनमीटर दगड निघाला. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे सुमारे १०,६०० ब्रास. ब्रासला ६०० रुपये स्वामित्वधन धरलं तर ६३ लाखांच्या वर जातं. पण थांबा, दगड फोडला की तो फुगतो. मधल्या पोकळ्यांमुळे ढिगाऱ्याला साधारण दीडपट जागा लागते. म्हणजे ट्रकात भरताना तोच दगड १५,९०० ब्रास होतो, स्वामित्वधन ९५ लाखांवर जातं, आणि पाच ब्रासची गाडी धरली तर तीन हजारांहून जास्त फेऱ्या लागतात. आता सांगा, पैसे कोणत्या ब्रासवर घ्यायचे? खड्ड्यातल्या की गाडीतल्या? हे गुणोत्तर प्रणालीत उघडपणे लिहिलेलं नसेल, तर एकाच खाणीचे दोन खरे आकडे तयार होतात आणि त्यांच्यामध्ये ३० लाख रुपये आरामात लपतात. कुणी चोरी केली असंसुद्धा म्हणायची गरज नाही. व्यवस्थेनेच जागा सोडलेली असते.

आणि पासच काढला नाही तर? पास नसलेला ट्रक या प्रणालीच्या दृष्टीने जन्मालाच आलेला नसतो. नाक्यावर सापडला तर सापडला. खड्डा मात्र तिथेच असतो, त्याला लपता येत नाही. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. सारूळ, राजूर बहुला परिसरातल्या खाणी आणि क्रशर गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांत किती गाजले. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या खोदकामाविरुद्ध लोक उभे राहिले, जिथून आपली गोदावरी निघते त्या डोंगराच्या. अशा प्रत्येक वेळी वाद झाल्यानंतर एकच मागणी पुढे येते, की खड्ड्याची ईटीएस मोजणी करा. म्हणजे आधुनिक यंत्र आपल्याकडे आहे. ते फक्त वरात गेल्यावर घोडा यावा तसं येतं.

मोजणीचं तंत्र अवघड राहिलेलं नाही. केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०१६ मध्ये उपग्रहावर आधारित निगराणी प्रणाली सुरू केली. मुख्य खनिजांच्या खाणपट्ट्याच्या सीमेबाहेर ५०० मीटरपर्यंत काही हालचाल दिसते का, हे ती बघते. तिचं मर्म असं आहे की ती परवानगीच्या बाहेर काय चाललंय ते शोधते. पासांची प्रणाली परवानगीच्या आत काय चाललंय तेवढंच नोंदवते. दोन्ही लागतात. आणि उपग्रहाला सीमा कळायची, तर आधी खाणपट्ट्याचा नकाशा गटाच्या नकाशावर बिनचूक बसायला हवा. म्हणजे फिरून आपण जमिनीच्या अभिलेखापाशीच आलो. जमीन एका प्रणालीत आणि खनिज दुसऱ्या प्रणालीत. उताऱ्यावर क्षेत्र दिसतं, आकार दिसतो, बोजा दिसतो. खड्डा दिसत नाही.

"मग सगळं मोडून एकच मोठी नवी प्रणाली करा," असं कुणी म्हणेल. इथे दूरचं एक उदाहरण घेऊ, कारण आपला प्रश्न जगात एकटा नाही. अमेरिकेत सरकारी जमिनी सांभाळणारं 'ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट' नावाचं खातं आहे. २४.५ कोटी एकर जमीन आणि सुमारे ७० कोटी एकरांखालचं खनिज त्याच्या ताब्यात. त्यांनी १९८३ पासून जमीन आणि खनिज या दोन्हींच्या नोंदी एकत्र करणारी भव्य प्रणाली करायला घेतली. पंधरा वर्षांत सुमारे ४१ कोटी डॉलर गेले. १९९८ मध्ये कर्मचाऱ्यांच्या हाती चाचणीसाठी दिली, तर ते म्हणाले की ही आमच्या कामाला धरून नाही, फार गुंतागुंतीची आहे आणि हिच्यामुळे काम उलट मंदावतं. १९९९ मध्ये ती गुंडाळावी लागली. मग जुन्याच प्रणाली नव्या यंत्रांवर बसवून त्यांनी जवळपास वीस वर्षं काढली. अलीकडे नवी प्रणाली आणली ती टप्प्याटप्प्याने, खाणींच्या दाव्यांपासून सुरुवात करून.

यातून शिकायचं ते हे. रोज नोंद करणारा माणूस आणि ती नोंद वाचणारा माणूस, या दोघांना विचारल्याशिवाय कितीही पैसा ओतला तरी सॉफ्टवेअर उभं राहत नाही. आपल्याकडे नोंद करणारा म्हणजे तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. एकेकाकडे कित्येक गावं, वर पंचनामे, निवडणुका, अनुदानाच्या याद्या. सर्व्हर अडला की शिव्या त्यालाच. त्याच्यावर आणखी एक ॲप लादून खड्डे मोजायला लावणं हा उपाय नव्हे.

मग आमचं मागणं काय? आम्हाला फार थोडं हवं आहे, आणि त्यातलं बरंचसं असलेल्या प्रणालीतच बसतं.

पहिली गोष्ट, गावाचा ताळेबंद. प्रत्येक गावासाठी एक पान. वर्षाच्या सुरुवातीला सरकारी जमीन किती, वर्षभरात किती गेली, कोणत्या आदेशाने, किती परत आली, शेवटी उरली किती. एक-ब आणि एक-इ हे नमुने सातबाऱ्यासारखेच कुणालाही, गट नंबर न विचारता, दिसले पाहिजेत. घर किंवा शेत नियमित होण्याची वाट बघणाऱ्या गरिबांची नावं झाकायची असतील तर झाका, पण क्षेत्र आणि जागा झाकू नका.

दुसरी गोष्ट, वजाबाकी. प्रत्येक खाणपट्ट्याचं वर्षातून एकदा त्रयस्थाकडून मोजमाप व्हावं. खड्ड्यातून गेलेलं घनफळ एका बाजूला, पासांवर गेलेलं दुसऱ्या बाजूला, मध्ये फुगवट्याचं ठरलेलं गुणोत्तर, आणि खाली फरक. हा फरक संकेतस्थळावर लागला पाहिजे. दंड करायचा की नाही ते अधिकारी ठरवतील, न्यायालय ठरवेल. आम्हाला फरक दिसू द्या.

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे सरकारी जमिनीचं चावडी वाचन. खासगी उतारे गावासमोर वाचले म्हणून त्यातल्या चुका सापडल्या. तसंच वर्षातून एकदा ग्रामसभेत गावाचा ताळेबंद आणि गावातल्या खाणींची वजाबाकी मोठ्याने वाचा. गायरानात गुरं नेणाऱ्या बाईला, नाल्याकाठच्या शेतकऱ्याला, खडीच्या गाड्यांनी विहिरीवर धूळ बसते त्या वस्तीला लगेच कळेल की कागदावर काय आहे आणि जागेवर काय आहे. हरकत घेणारा भाऊबंद सरकारी जमिनीला नाही असं मघाशी म्हणालो. तो आहे. त्याला नोटीस जात नाही एवढंच.

यावर आक्षेप येतो की इतकी माहिती उघड केली तर दलाल तिचा गैरवापर करतील. आमचं उत्तर असं की दलालाला ती आजही मिळते. त्याचं सगळं दुकानच त्यावर चालतं. मिळत नाही ती सरळमार्गी माणसाला. दुसरा आक्षेप, कलम १५७ प्रमाणे अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, मग कच्ची माहिती प्रसिद्ध कशी करायची? पण नोंद खरी मानली जाते म्हणूनच तर ती चुकीची असेल तेव्हा लवकर उघडी पडायला हवी. दप्तरात दडलेली चूक वयाने मोठी होते आणि मग हक्क म्हणून उभी राहते.

वेळ का महत्त्वाची आहे तेही सांगतो. समृद्धी महामार्ग सिन्नर, इगतपुरीतून गेला. आता २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. रस्ते, घाट, पूल, तात्पुरती नगरं. या सगळ्याला मुरूम लागणार, खडी लागणार, जागा लागणार. ती नाशिकच्याच आसपासच्या डोंगरांतून आणि माळांवरून येणार. कामं व्हायलाच हवीत, आमचा त्याला विरोध नाही. पण साधूमंडळी परत गेल्यावर, मांडव उतरल्यावर, कोणत्या गटातून किती ब्रास गेलं आणि कोणती जमीन तात्पुरती म्हणून घेतलेली परत आली, हे सांगणारं एक पान आपल्याकडे असेल का? आज तरी त्या पानाला प्रणालीत जागा नाही. ती करायला नवा सर्व्हर लागत नाही. आधी बेरीज आणि वजाबाकी दाखवायची इच्छा लागते, आणि ती इच्छा निर्माण व्हावी म्हणून विचारणारी माणसं लागतात.

तेव्हा आपापल्या गावी गेल्यावर एवढं करा. येत्या ग्रामसभेत एक-ब वाचून दाखवा अशी मागणी करा. पहिल्या वर्षी दप्तर सापडणार नाही. दुसऱ्या वर्षी सापडेल. तिसऱ्या वर्षी ते जुळायला लागेल.

 प्रश्न असतील तर आता घेऊ.